आपल्याच गावी पाहुणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी बाहेरून कुणी विदुषी आणावी, तिने चार विचार सांगावे आणि आपण खिचडीची वाट पाहत ते ऐकावे, असा आपला रिवाज आहे. यंदा ठरलेल्या बाई आजारी पडल्या. तेव्हा आपल्या सेक्रेटरीबाई परवा माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यंदा तुम्हीच बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी पास. पापड किती लाटायचे ते विचारा, भाषण कसले विचारता?" त्या म्हणाल्या, "तुम्ही चौघीजणी वर्षभर गावात भटकत होतात ना? तेच सांगा."

भटकत हा शब्द त्यांचा. पण शब्द खरा आहे, म्हणून मी रागावले नाही. आपल्या अचलपुरात बसून खावे कुठे, प्यावे काय आणि हिंडावे कुठे, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय. ज्यांना हा विषय हलका वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

माझे माहेर दर्यापूरकडचे. लग्न होऊन या गावी येऊन बावीस वर्षे झाली. दोन वर्षांमागे माझ्या मुलीबरोबर तिची एक मैत्रीण पुण्याहून चार दिवस राहायला आली. जेवताना तिने सहज विचारले, "काकू, तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?" मी वरण वाढता वाढता म्हणून गेले, "काही नाही गं. जुने पडके गाव. फिरायचे तर चिखलदऱ्याला जा." दुसऱ्या दिवशी दोघी पोरी स्कूटीवरून सकाळीच निघून गेल्या आणि दुपारी फोटो घेऊन आल्या. तळ्यात उभी असलेली आठ बाजूंची उंच इमारत, कमानीवर कमानी, मागे निळे डोंगर. मी विचारले, "हे कुठले गं?" तर माझीच मुलगी मला सांगते, "आई, हा हौज कटोरा. आपल्या घरापासून तीन-चार किलोमीटरवर."

भगिनींनो, मला त्या दिवशी ताटावर बसवेना. बावीस वर्षांत मी या गावाला किती पोळ्या लाटल्या असतील त्याचा हिशेब नाही, आणि गाव पाहिले म्हणाल तर दळणाच्या गिरणीपासून दवाखान्यापर्यंत. स्वतःच्याच गावात मी पाहुणी! पाहुणी तरी बरी, तिला लोक चार ठिकाणे दाखवतात.

आणि मग मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या गोष्टीचा सल माझ्या मनात आजही आहे, तो आधी सांगते.

सासूबाईंना भजी फार आवडत. बाजारातल्या एका जुन्या हॉटेलातून मामंजी कागदात बांधून आणीत, पुढे हे आणू लागले. घरी येईतो ती गार होत, कागदाला तेल सुटे. सासूबाई आधी पोरांना वाटत, मग उरलेली दोन-चार चहाबरोबर खात. एकदा, त्या अंथरुणाला खिळण्याच्या वर्षभर आधीची गोष्ट, मला म्हणाल्या, "माय, कढईतून काढल्याबरोबर ते भजं कसं लागते, मले ठावं नाही. सारी जिंदगी गारच खाल्लं. एक डाव तिथी बाकावर बसून खाऊन पाहाचं हाये." मी हसले. म्हटले, "जाऊ कधीतरी." ते कधीतरी आले नाही. हॉटेल घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. मला कोणी अडवले नव्हते. पण चार माणसे काय म्हणतील, एवढ्या एका धास्तीने मी त्यांना नेले नाही. त्या गेल्या. तेराव्याला पंगतीत भजी होती. मी तळली होती. ती माझ्या घशाखाली उतरली नाहीत.

म्हणून, पुण्याच्या त्या पोरीने डोळे उघडल्यावर मी पहिले काम केले ते हे, की मंडळातल्या तिघींना गाठले आणि एका बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला त्या हॉटेलात जाऊन बसले. यांना आदल्या रात्री सांगितले तेव्हा हे म्हणाले, "घरी भजी होत नाहीत का?" मी म्हटले, "होतात. पण ती मीच तळते. सगळ्यांचे झाल्यावर माझ्या वाट्याला शेवटचा घाणा, तोही गार." यावर हे काही बोलले नाहीत.

हॉटेलात शिरलो तर सगळी मंडळी वर्तमानपत्रातून डोकी काढून आमच्याकडे पाहू लागली. कामावरचा पोरगा धावत आला, "काकू, पार्सल का?" मी म्हटले, "नाही रे बाबा, इथेच." त्याने खांद्यावरच्या फडक्याने टेबल दोनदा पुसले. मुगाची भजी आली, वाफ निघत होती. वर तळलेल्या हिरव्या मिरच्या, बाजूला कांदा. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, बोटाला चटका बसेल अशी. मी पहिले भजे हातात धरून थोडी थांबले. शेजारची म्हणाली, "पोळलं का वं?" मी म्हटले, "हो." चौघींचे भजी नि चहाचे मिळून एकशे साठ रुपये झाले. बाहेर पडताना ओळखीची एक आजीबाई भेटली. "काहून वं, घरचं तेल सरलं का?" असे तिने विचारले. त्यावर आम्ही रस्ताभर हसत आलो. ती आजीबाई पुढच्या महिन्यात आमच्याबरोबर आली, हेही सांगून टाकते.

तेव्हापासून महिन्यातला एक बुधवार आमचा हिंडण्याचा झाला. आता ठिकाणे सांगते.

पहिले ठिकाण आपले दरवाजे. परकोट आणि हे दरवाजे नवाबांच्या काळातले, अठराव्या शतकातले. आपण त्यांच्याखालून भाजीची पिशवी घेऊन जातो, पण मान वर करून कमान पाहत नाही. सकाळी उन्हे चढण्याआधी जा. वाचनालयातल्या एका निवृत्त गुरुजींनी आम्हाला सांगितले, की १४९० साली फतहुल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला आणि त्याने वऱ्हाडची इमादशाही सुरू केली, तिची राजधानी हे आपले गाव. १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने ते राज्य घेतले. त्याच्याही आधी, १२९६ साली, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो याच वाटेने. त्याहून मौज म्हणजे गावाच्या नावाची. हेमचंद्र नावाच्या जैन पंडिताने बाराव्या शतकात प्राकृताचे व्याकरण लिहिले, त्यात अचलपूरला लोक अक्षरे फिरवून अलचपूर म्हणतात, अशी नोंदच केली आहे. पुढे एलिचपूर झाले, इंग्रजांनी तेच चालवले. आता पुन्हा अचलपूर. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत एलिचपूरच म्हणत. त्या चुकत नव्हत्या, आठशे वर्षांची वहिवाट पाळत होत्या, हे मला आता कळले.

दुसरे ठिकाण दुल्हा रहमान शहांचा दर्गा. लग्नाच्या पोशाखात नवरदेव लढाईवर गेला आणि पडला, म्हणून दुल्हा, अशी कथा सांगतात. ईल राजाशी ती लढाई झाली असे म्हणतात आणि त्याच राजाचे नाव लोक मुक्तागिरीच्या जैन मंदिरांशीही जोडतात. एकाच कथेचे दोन धागे दोन देवस्थानांना बांधलेले, असे हे आपले गाव.

इथे एक गोष्ट मनात न ठेवता सांगते. २०२२ च्या एप्रिलात दुल्हा दरवाज्याजवळ झेंड्यावरून तंटा झाला, दगडफेक झाली, संचारबंदी लागली. ते दिवस आपण सर्वांनी दारे लावून काढले. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या दरवाज्याखालून जाणे टाळू लागले. लांबचा वळसा घेई. मला कोणी काही केले नव्हते, तरी पाय धजत नसत. आपल्या शिवणवर्गात येणाऱ्या भाभींनाही, त्यांनीच मागून सांगितले, आमच्या आळीत यायचे पाय धजत नव्हते. दोघी एकमेकींना भीत होतो आणि दोघींच्या हातात एकाच कापडाचे तुकडे होते. शेवटी भाभीच म्हणाल्या, "तुम्ही गाव पाहत फिरता, मग आमच्याकडे का येत नाही?" त्या आम्हाला दर्ग्यावर घेऊन गेल्या. नदीकाठची ती जागा शांत आहे, दुपारीही गार वाटते. तिथून त्यांच्या घरी गेलो. ईद होऊन दोनच दिवस झाले होते. शीरखुर्मा मिळाला. त्यात खारकेचे काप आणि चारोळी. चारोळी आपल्या मेळघाटची, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. आमच्यातली एक एकादशीवाली होती, तिच्यासाठी भाभींनी आधीच केळी आणून ठेवली होती. आता मी बाजारात जाते ती सरळ दरवाज्याखालून. भीती गेली ती भाषणाने गेली नाही, एका वाटीने गेली.

तिसरे ठिकाण हौज कटोरा. गावाच्या पश्चिमेला शेतांमध्ये एक मोठा गोल हौद आणि त्याच्या मधोमध तीन मजली अष्टकोनी इमारत. वर आणखी दोन मजले होते म्हणतात. आम्ही मार्गशीर्षात गेलो. शिदोरी घरची होती: ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, दही, कांदा. तिथे दुकान नाही, झाडाची सावली बेताची, पाणी घरूनच न्यावे. वर चढू नका, दगड सुटलेले आहेत. भिंतींवर पोरांनी नावे कोरून ठेवली आहेत, ते पाहून वाईट वाटले. आपापल्या पोरांना घरीच ताकीद द्या. पण काठावर बसून भाकरी मोडली, वारा सुटला, पाखरे कमानीतून आत-बाहेर करू लागली, तेव्हा आमच्यातली सर्वांत अबोल बाई म्हणाली, "मले आज कोणीच हाक मारली नाही." दोन तासांत तिला कोणी चहा मागितला नव्हता की मोजे कुठे आहेत विचारले नव्हते. बादशहांनी तो महाल हवा खायला बांधला असेल. ती हवा आम्हीही खाल्ली.

चौथे ठिकाण अष्टमहासिद्धी. महानुभाव पंथाचे हे स्थान आपल्या गावाला लागून आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी या मुलखात हिंडले, आणि लीळाचरित्र हा जो मराठी गद्यातला आद्य ग्रंथ, त्यात आपल्या गावाचा उल्लेख आहे. ग्रंथ लिहिला गेला तो आपल्याच जिल्ह्यात, ऋद्धपूरला, १२७८ च्या सुमाराला. तिथे बसले असता गुरुजींचे बोलणे आठवले. चक्रधरांच्या शिष्यांत महदाइसा होती. तिने धवळे रचले, मराठीतली पहिली कवयित्री ती हीच. तीही पायीच हिंडली, आणि नाही समजले ते प्रश्न विचारून समजून घेतले. सातशे वर्षांपूर्वी एक बाई या मुलखात पायी हिंडू शकली आणि आम्हाला बाजारातल्या बाकावर बसायला संकोच! याचा विचार तुम्हीच करा.

पाचवे ठिकाण आपले रेल्वे स्टेशन. त्याला कोणी प्रेक्षणीय म्हणणार नाही. १९१३ साली मूर्तिजापूरपासून इथवर शकुंतला सुरू झाली. १९९४ पर्यंत ती कोळशाच्या इंजिनाने धावत होती, मग डिझेलचे इंजिन आले, आणि पुढे आपल्याकडची गाडी बंद पडली. सासूबाई या गावी नवरी म्हणून आल्या त्या याच गाडीने आणि मी पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तीही हिनेच. चार तासांचा प्रवास. अंजनगावला विड्याची पाने चढत, त्यांचा ओला वास डब्यात भरून राही. गाडी इतकी सावकाश चाले की खिडकीतून शेतातली बाई आपल्याला पाहून हसे आणि आपल्यालाही उलट हसायला वेळ मिळे. आता रुळांत गवत वाढले आहे. संध्याकाळी आम्ही फुटाणे घेऊन तिथे बसतो. ज्यांचे माहेर त्या रुळांच्या पलीकडे आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आता परतवाडा. तिकडे पोहोचलो की सागवानाच्या डेपोचा वास येतो. उन्हाळ्यात रसवंतीवर बसावे. आले-लिंबू घातलेला उसाचा रस बसूनच प्यावा, उभ्याने नव्हे. हिवाळ्यात संत्री घ्यावी. आपण संत्र्याच्या मुलखात राहतो आणि घरी पाहुण्यांसाठी चांगली ठेवून आपण डागाळलेली सोलतो. त्या दिवशी एक चांगले संत्रे स्वतःसाठी सोलावे. चिखलदऱ्याला कोणी गेले तर गवळ्यांच्या दुधाची रबडी खाल्ल्याशिवाय परतू नये. मुक्तागिरीला पावसाळ्यात धबधबा असतो, पायऱ्या पुष्कळ आहेत, गुडघे पाहून जावे.

बहिरमबुवाच्या यात्रेबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलल्याशिवाय राहवत नाही. २० डिसेंबरला ती भरते आणि महिन्याहून अधिक चालते. दर्शन घ्यावे आणि मग राहुट्यांच्या बाजूला धूर दिसेल तिकडे जावे. मातीच्या हंडीतले मटण तिथले नावाजलेले, खाणाऱ्यांनी खावे. आमची जात रोडग्यांची. गव्हाच्या कणकेच्या पुऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. राख झटकून फोडला की आत पदर सुटलेले. त्यावर तूप, वरण, आणि वांग्याची झणझणीत भाजी. आणि एक नवल सांगते. यात्रेत रोडगे पुरुष भाजतात! घरी ज्याला पाण्याचा पेला हाताने घेता येत नाही, तो तिथे धोतर खोचून निखारे सारत असतो. तेव्हा जमत नाही ही सबब खोटी आहे, हे बहिरमबुवाच्या साक्षीने सिद्ध झाले.

(हशा ओसरल्यावर) आता कामाच्या चार गोष्टी. हिंडायला निघताना चौघीपेक्षा कमी असू नये. पाण्याची बाटली, बसायला सतरंजी आणि कचरा परत आणायला पिशवी घ्यावी. हॉटेलवाल्याला बिचकू नये. आपण पैसे देतो आणि आता तर तो आम्हाला पाहून पंखा आपणहून लावतो. एक अडचण मात्र खरी आहे. बाजारात दोन-तीन तास काढायचे तर बायकांच्या सोयीची जागा आम्हाला सापडेना. दोनदा ओळखीच्या घरी जाऊन लाज सोडून विचारावे लागले. बाई घराबाहेर का थांबत नाही, याचे निम्मे उत्तर इथे आहे. आपल्या मंडळाने यासाठी सह्यांचा अर्ज करावा, अशी माझी सूचना आहे. सही करायला मी पहिली.

माझे बोलणे संपत आले. कुणी म्हणेल, चार ठिकाणी भजी नि रस घेतल्याने स्त्रियांची काय उन्नती झाली? मला मोठे शब्द येत नाहीत. पण ज्या गावात आपण कधी बसलो नाही, ते गाव आपले कसे म्हणावे? त्याचा दरवाजा पडला, रूळ उखडले, हौदात घाण साचली, तरी आपल्याला कळणार नाही. कारण आपण ते पाहिलेलेच नाही. आणि ज्या आळीत आपण वाटीभर खाल्ले नाही, त्या आळीविषयी कोणीही काहीही सांगावे, आपण खरे मानू.

पुढच्या बुधवारी दुपारी चार वाजता आम्ही निघणार आहोत. यावे. मात्र एक अट आहे. येताना प्रत्येकीने घरातली किंवा शेजारची एक म्हातारी बरोबर आणावी. तिला चालवत नसेल तर आपण ऑटो करू. तिला बाकावर मधोमध बसवू आणि पहिला घाणा तिच्यापुढे ठेवू. मला जे कधीतरी करायचे होते, ते तुम्ही याच आठवड्यात करा.

 खिचडी तयार आहे असा निरोप आलेला आहे. आज वाढणाऱ्यांनीही सगळ्यांबरोबरच बसावे, गरम आहे तोवर.